फाटले असल्यास शिवू नये

केराबाई गेली एकवीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवत आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिलाई मशिनींची लांब रांग आहे. तिच्यात खिडकीकडून तिसरं मशीन त्यांचं. टॉवेल येतो, कड दुमडायची, सरळ रेघ मारायची, टॉवेल जातो. एकवीस वर्षांतल्या या रेघा एकापुढे एक जोडल्या तर कुठवर पोचतील, याचा हिशेब मी एका रिकाम्या दुपारी करायला घेतला होता. कन्याकुमारीला समुद्र लागला तेव्हा सोडून दिला. केराबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग रेघ तितनं परत येतीया का न्हाय, गुरुजी? का मी तितंच बसू?"

मी गुरुजी नाही. हयातभर एका वाचनालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. पण भवानी पेठेत चष्मा लावून ओट्यावर बसणाऱ्या माणसाला दुसरा हुद्दा मिळत नाही. केराबाईंची खोली माझ्या ओट्यासमोर आहे. त्यामुळे पुढे सांगतो आहे त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. स्वप्नं अर्थात सगळी त्यांची.

टॉवेलची कड ही गोष्ट कोणी बघत नाही. लोक टॉवेलचा रंग बघतात, फुलं बघतात, अंग पुसून दोरीवर टाकतात. कड दिसते ती उसवली तरच. म्हणजे एकवीस वर्षं केराबाईंनी जे काम केलं त्याचा उत्तम नमुना तोच, जो कोणाच्याच नजरेला पडला नाही. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण त्यांना दुसरं एक काम येत होतं आणि ते एमआयडीसीत कोणाला नको होतं.

ते काम म्हणजे रफू. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा पेठेतल्या एका म्हाताऱ्या रफूगराच्या दुकानात त्या झाडलोट करायच्या. त्या चाचांचे डोळे जात गेले तसतशी सुई केराबाईंच्या हातात आली. चाचांनी दोनच नियम शिकवले. पहिला, "धागे कू खींचना नै, मनाना." दुसरा, कातरलेला धागा फेकायचा नाही, ज्या कापडातून तो निघाला, त्या कापडाला कधीतरी त्याची आठवण येते. चाचा गेले, दुकानात मोबाईलची कव्हरं आली. फाटलेलं कापड दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेणं लोकांना सोपं वाटायला लागलं. केराबाई टॉवेलांकडे वळल्या. दुसरा नियम मात्र त्यांनी सोडला नाही. घरी जो धागा कातरला जाई तो त्या उशीत भरत. त्यांच्या उशीला त्यामुळे एक स्वतःचा असा इतिहास होता.

आता बिरप्पा. हे केराबाईंचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मंगळवेढ्याच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका वस्तीवर. मेंढरं राखतात. माणसांशी मराठीत बोलतात, मेंढरांशी कन्नडात, आणि कुत्र्याशी बोलण्याची वेळ त्यांच्यावर अजून आलेली नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी, सकाळची उन्हं वर आल्यावर, बिरप्पांना आभाळात एक पांढरा ठिपका दिसला. दिवसा दिसणारा चंद्र त्यांच्या ओळखीचा आहे. हा त्याच्यापेक्षा लहान आणि जास्त गुळगुळीत होता. तो बराच वेळ जागचा हलला नाही. मेंढरं चरत राहिली. मग ठिपका नाहीसा झाला, आणि पाऊण तासाने पडीक रानात धान्याच्या भल्यामोठ्या कोठीएवढं एक खोकं उतरलं. त्याच्यासोबत आलेलं भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक अफाट कापड दोऱ्या सुटून पुढे गेलं आणि बाभळीवर जाऊन बसलं.

हैदराबादच्या एका संस्थेने सोडलेल्या फुग्याचा तो शेवट होता. जे यंत्र उद्या अवकाशात पाठवायचं, त्याची आधी तालीम घ्यावी लागते. म्हणून ते मोठ्या फुग्याला टांगून पस्तीस किलोमीटर वर नेतात, ताऱ्यांकडे तोंड करून ठेवतात आणि काम झालं की खाली सोडतात. ते कुठे उतरणार हे वारा ठरवतो. त्यामुळे खोक्यावर चार भाषांत सूचना चिकटवलेली असते. बिरप्पांना त्यातली एकही वाचता येत नाही. पोलीस पाटलांनी येऊन वाचली: "यंत्राला हात लावू नये. खालील क्रमांकावर कळवावे." त्यांनी कळवलं. बिरप्पांनी हात लावला नाही. पण एवढ्या वरून आलेलं खोकं गारठलं असेल असं वाटून त्यांनी अंगावरचं घोंगडं दोन काठ्यांनी उचलून त्याच्यावर घातलं आणि रात्रभर राखणीला बसले. सूचनेत काठीचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीप आली. खोकं सुखरूप आहे हे पाहून मंडळी फार खूश झाली. त्यातल्या एका हैदराबादी इंजिनियरला थोडं मराठी येत होतं. त्याने विचारलं, "बाबा, छत्री सापडली का?"

"न्हाय बा. छत्री कुनाची?"

"यंत्राची."

बिरप्पांनी खोक्याकडे पाहिलं, मग स्वच्छ आभाळाकडे पाहिलं. "पाऊस कुटाय?" ते म्हणाले.

इंजिनियरचं मराठी इथे संपलं. पॅराशूट सापडलं नाही, अशी नोंद करून जीप परत गेली. बाभळीवरचं कापड तोवर बिरप्पांनी काट्यातून सोडवून, घडी घालून झोपडीत ठेवलेलं होतं. ते त्यांना खोकं ज्यात बांधून पाठवलं ते बासन वाटलं होतं. बासनाबद्दल कोणी विचारलंच नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ते सोलापुरात आले तेव्हा खांद्यावर घोंगड्यात बांधून ते कापड आणलं. लेकीपुढे टाकून म्हणाले, "कापडातलं तुला कळतंय. फाटलंय जरा. बग काय व्हतंय का."

ते कापड केराबाईंनी उलगडलं तेव्हा मी समोर होतो. खोलीत मावेना म्हणून गच्चीवर नेलं. मुठीत धरलं तर रुमालाएवढं होणारं, आणि पसरलं तर गच्ची कमी पडणारं. घागऱ्याला असतात तशा लांब कळ्या एकमेकींना शिवलेल्या. एका शिवणीलगत दीड हात लांब फाटलेलं. दुपारची वेळ होती, पतंग उडत होते, आणि पतंगांसाठी जो वारा होता तोच या कापडात शिरला. कापड फुगलं. केराबाईंच्या दोन्ही हातांत दोऱ्या होत्या. केराबाई टाचांवरून पायाच्या बोटांवर आल्या, आणि क्षणभर तशाच राहिल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की पाय जमिनीवरून सुटले होते. मी समोरच उभा होतो. मला ते दिसलं नाही. पण मी पायांकडे बघत नव्हतो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि त्या चेहऱ्याचे पाय नक्कीच सुटलेले होते.

त्या दीड हाताच्या रफूला त्यांना दीड महिना लागला. कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत आणि सुट्टीचा अख्खा दिवस. त्याच कापडाच्या आत दुमडलेल्या पट्टीतून धागे काढून, केसाएवढ्या सुईने, एक वर एक खाली. शिवणीलगतच्या फाटक्या कडा फार झिजल्या होत्या. तेवढ्या चिंचोळ्या तीन फिती त्यांनी कातरल्या आणि नियमाप्रमाणे उशीत घातल्या. काम झालं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि फाटलं होतं ती जागा शोधायला सांगितली. मी चष्मा पुसला, कापड उन्हात धरलं, बोट फिरवलं. सापडली नाही. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलेलं काम नजरेला न पडल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी शोधल्यामुळे सिद्ध झालं होतं.

स्वप्नं सुरू झाली ती या सुमारास, आणि केराबाईंच्या मते ती उशीतून येत होती. सुट्टीच्या दुपारी जेवण झालं की त्या उंबऱ्याशी आडव्या व्हायच्या. डोळा लागला की उशी हलकी होई. आधी कारखान्यांचे पत्रे खाली जात, मग सिद्धेश्वराचा तलाव तळहाताएवढा होई, त्यात देऊळ जोंधळ्याच्या दाण्याएवढं. मग रानं. कुठे हिरवं, कुठे पिवळं, कुठे नुसती काळी माती, जशी कोणी न संपणारी चादर वाळत घातली आहे. त्या चादरीला कडेला थोडी गोलाई असायची. "कड दुमडल्यावानी," त्या म्हणायच्या, "पर दुमडली कुनी त्ये दिसत न्हाय."

"आणि वर?"

"वर काळं. दिवसाच काळं, गुरुजी. सूर्य हाय आन् आबाळ काळं. आवाज न्हाय. मशीन बंद झाल्यावर कानात ऱ्हातोय न्हवं, तेवडाबी न्हाय."

मी वाचनालयात असल्याने मला हे ठाऊक होतं की त्या उंचीवर आकाश दिवसाही काळं दिसतं. केराबाईंनी टीव्हीवर पाहिलं असेल, अशी मी मनाशी नोंद केली. त्यांचा टीव्ही चार वर्षं बंद आहे, याचीही नोंद करायला हवी.

कारखान्यात ही बातमी गेली मथुराबाईंमुळे. त्या शेजारच्या मशिनीवर बसतात, आणि केराबाईंनी त्यांना कापडाबद्दल सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की तंतूंचा पांढरा भुसा खिडकीतल्या उन्हात हळूहळू खाली येत असतो. या बायका वर्षानुवर्षं त्याच्यात बसून भाकरी खातात आणि त्याकडे बघत नाहीत. त्या दिवशी केराबाई बघत होत्या.

"खाली बग, केरा. भाकरीवर पडाय लागलं," मथुराबाई म्हणाल्या.

"पडूंदे. वरनं आल्याली वस्तू हाय."

अजिनाथ म्हणजे माल तपासणारा. त्याला टॉवेलातले दोष काढण्याचा पगार मिळतो आणि तो ते काम सुट्टीतही बंद करत नाही. तो म्हणाला, "मावशी, ते वर जायचं खूळ आपल्याला परवडत न्हाय. चंद्रावर पानी हुडकाय गेल्यात म्हनं. माझ्या नळाला पाच दिसांनी येतंय. आधी ते हुडका की."

यावर सगळे हसले. मग खर्चावर चर्चा झाली. किती पैसा जातो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फार जातो, यावर एकमत होतं. त्या पैशात काय काय झालं असतं, याची यादी निघाली: दवाखाना, रस्ता, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह. शेवटच्या मागणीचा अवकाशाशी संबंध नव्हता. ते मालकाने द्यायचं होतं. पण मागणी बऱ्याच दिवसांची होती आणि रॉकेट हाताशी होतं.

केराबाई म्हणाल्या, "नव्या डिझाइनची चादर काढताना पयला पीस काय करतो आपण?"

"फेकतो," अजिनाथ म्हणाला. "बिगाडलेला असतोय."

"त्याचं पैसं कोन मागतं व्हय? पयला पीस विकायचा नसतोय, बगायचा असतोय."

अजिनाथने पाण्याचा घोट घेतला. "बरोबर हाय. पर मावशी, हे लोक कवाधरनं पयलाच पीस काढाय लागल्यात की वो."

याला केराबाईंजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. मी अनेक जाड पुस्तकं चाळून पाहिली, त्यांच्याजवळही ते नव्हतं. त्यांनी फक्त ते जास्त पानांत नाही म्हटलं होतं.

फाल्गुनात एका सुट्टीच्या दुपारी गल्लीत जीप आली. तिच्यातून आधी बिरप्पा उतरले, मग तिशीतली एक मुलगी. तिचं नाव वैजयंती. ती हैदराबादच्या त्या संस्थेत इंजिनियर होती आणि मूळची सोलापूर जिल्ह्यातल्याच करकंबची, त्यामुळे तिचं मराठी अजून संपलेलं नव्हतं. ती वस्त्यावस्त्यांवर फोनमधला फोटो दाखवत हिंडली होती. बिरप्पांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "ह्याला छत्री म्हंत्यात व्हय? मग ती पोरीकडं हाय की. सरळ कापड म्हनायचं." खोटं बोलल्याचा ठपका येऊ शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, ते रस्ता दाखवायला पुढच्या सीटवर बसून आले.

केराबाईंनी कापड आणलं. धुतलेलं, सुकवलेलं, आणि कारखान्यात चादरींची घालतात तशी चौकोनी घडी घातलेलं. वैजयंतीने ते गच्चीवर उलगडलं आणि गुडघ्यांवर बसून कळी कळी तपासू लागली. बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला.

"मावशी, हे फाटलेलं होतं ना?"

"व्हय. दीड हात."

"मग फाटलेलं कुठंय?"

"न्हाय," केराबाई म्हणाल्या. माझ्या ओळखीत इतक्या समाधानाने कोणी 'न्हाय' म्हटलेलं नाही. "आता न्हाय फाटल्यालं."

 वैजयंतीने दोन्ही हात कापडावर ठेवले, एखाद्या आजाऱ्याच्या अंगावर ठेवावेत तसे, आणि हळू सांगितलं. त्यांना हे कापड वापरायला नको होतं. त्यांना ते फाटलेलंच हवं होतं. खोकं वरून सुखरूप होतं, पण आतल्या नोंदींप्रमाणे यंत्र ठरल्यापेक्षा जोरात आदळलं होतं. म्हणजे छत्रीचं काहीतरी बिघडलं होतं. ती वर, हवेत उघडताना फाटली असेल, तर त्याच कंत्राटदाराने शिवलेल्या सगळ्या छत्र्या निकामी, आणि पुढचं उड्डाण रद्द. ती खाली, बाभळीच्या काट्याने फाटली असेल, तर छत्र्या चांगल्या, आणि यंत्र आदळायचं कारण दुसरंच. फाटलेल्या जागेकडे पाहून हे कळलं असतं. तिची चार वर्षांची मेहनत पुढच्या फुग्याला टांगायची होती.

 खाली गल्लीत कोणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"बाबळीनं न्हाय," केराबाई म्हणाल्या.

"काय?"

"काट्यानं फाटलं की धागा वडला जातोय, कापडाला चुनी पडती. चुनी नव्हती. ह्ये शिवनीतनं सुटलंय. टाकं लई जवळ घातल्यात, बाय. आमी टॉवेलाला इंचाला आट घालतो. हितं चौदा व्हतं. मोजल्यात मी. येवड्या पातळ कापडाला येवडं टाकं घातलं की सुईच कापड पोखरती. पोस्टाचं तिकीट कसं फाटतं, तसं फाटलंय."

वैजयंतीने त्यांच्याकडे पाहिलं. केराबाई ज्या सुरात टॉवेलच्या कडेबद्दल बोलतात त्याच सुरात बोलल्या होत्या.

"मावशी, मला पटलं," ती म्हणाली. "पण मी तिथं जाऊन काय सांगू? सोलापूरच्या एका मावशी म्हणाल्या? ते म्हणतील, दाखवा."

खरा प्रश्न हाच होता. दाखवायचं म्हणजे उसवायचं. केराबाईंनी आयुष्यात केलेलं एकच असं काम होतं जे कोणी शोधावं आणि सापडू नये. दीड महिन्याचं, केसाएवढ्या सुईचं. ते चांगलं झालं होतं, हाच त्याचा दोष ठरला होता. रफू इतकी नीट होती की तिच्याखाली पुरावा बुजला होता.

बिरप्पा म्हणाले, "नगं वाटत आसंल तर ऱ्हाऊंदे, केरा. त्येंचं त्ये बगतील."

केराबाई वैजयंतीला म्हणाल्या, "तुज्या बापाला इचारलंस का, कशापायी हे सगळं?"

"तेच मला विचारत्यात. दर दिवाळीला. 'वर काय सापडलं का?' मी म्हणते, नाही अजून." वैजयंती थोडी हसली. "गेल्या वर्षी उसासाठी त्यांनी बोअर मारली. साडेपाचशे फूट, कोरडी. तेव्हापासून विचारायचे थांबलेत. म्हणतात, मी खाली जातो, तू वर जा, कुणाला तरी लागंल."

केराबाई उठून खाली गेल्या. आम्हाला वाटलं संपलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुई, बारकी कात्री आणि उशी होती.

त्यांनी कापड उन्हात पसरलं, वैजयंतीचा हात धरला आणि म्हणाल्या, "डोळं मीट."

तिने मिटले. केराबाईंनी तिची बोटं कापडावरून, अगदी हळू, शिवणीच्या कडेने दीड हात नेली आणि परत आणली. पुन्हा नेली.

"लागलं काय हाताला?"

"नाही."

"नीट बग."

"नाही, मावशी. काहीच नाही. नुसतं कापड."

"बरं," केराबाई म्हणाल्या. "बगून झालं आता."

आणि त्यांनी पहिला धागा उचलला. धागा ओढायचा नाही, मनवायचा, हा नियम घालताना लागू होता तसाच काढतानाही होता. एक वर एक खाली, उलट क्रमाने. मी मोजत होतो असं नाही. पण उन्हं गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत गेली. बिरप्पा भिंतीला टेकून झोपले. वैजयंती जागची हलली नाही. फाट हळूहळू उघडत गेली, एखादी जुनी गोष्ट आठवत जावी तशी, आणि शेवटी कापड उचलून धरल्यावर दीड हात आभाळ त्यातून दिसायला लागलं.

पण भोकांची रांग ज्या कडांवर होती त्या कडा तिथे नव्हत्या. त्या कातरल्या होत्या. केराबाईंनी उशी मांडीवर घेतली, क्षणभर तिच्यावर तळहात ठेवला, आणि तिची शिवण उसवली.

एकवीस वर्षांचे धागे एकदम बाहेर आले. गच्चीवर वारा होताच. भुसा उडाला, उन्हात चढला आणि खाली यायचं नाव घेईना. पांढरे, निळे, गुलाबी तंतू आमच्या डोक्यांवर, बिरप्पांच्या पागोट्यावर, शेजारच्या गच्चीवरच्या कुरडयांवर तरंगत राहिले. बिरप्पा जागे झाले आणि मेंढरं कातरायचा हंगाम आहे असं समजून कन्नडात काहीतरी म्हणाले. आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून त्या ढगात भगव्या फिती शोधत होतो. सासरी गेलेल्या लेकीच्या परकराचे धागे केराबाईंना ओळखू आले. ते त्यांनी पदराच्या गाठीत बांधले. पहिली फीत मला सापडली, दुसरी बिरप्पांना. तिसरी केराबाईंच्याच केसांत अडकलेली होती.

वैजयंतीने त्या फितींतली एक उन्हात धरली. कडेने बारीक अर्धी अर्धी भोकं, एकसारखी, जवळ जवळ, पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी. तिने मोजली. मग पुन्हा मोजली.

"चौदा," ती म्हणाली.

"मी सांगितलं न्हवतं व्हय?" केराबाई म्हणाल्या आणि रिकामी खोळ झटकली.

जीप निघताना केराबाईंनी तिला एकच विचारलं: वर दिवसा आभाळ काळं असतं का. वैजयंती म्हणाली, असतं. पण तुम्हाला कोणी सांगितलं? केराबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी कधीही सांगितलेलं नव्हतं. पण अशा वेळी चष्मेवाल्या माणसाचा उपयोग होतो.

खोळीत आता कारखान्यातल्या टॉवेलांच्या चिंध्या आहेत. स्वप्नांबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पडत्यात की. टॉवेलांची. पर वरनं दिसत्यात."

अजिनाथला कारखान्यात हे सगळं कळलं. तो म्हणाला, "म्हंजे एवढा पैसा वर घालवून शेवटी कळलं काय, तर टाकं जवळ पडल्यात." मथुराबाई म्हणाल्या, तुला तर तेही कळत नाही. त्यावर बरीच हसाहशी झाली आणि स्वच्छतागृहाचा विषय पुन्हा निघाला. ते अजून झालेलं नाही.

छत्र्या सगळ्या पुन्हा शिवल्या गेल्या. उड्डाण हिवाळ्यावर गेलं. या मार्गशीर्षात वैजयंतीने माझ्या फोनवर एक फोटो पाठवला: खोक्यावर चिकटवायची नवी सूचना, चार भाषांत. मराठी मजकूर मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. केराबाई उभ्या होत्या, आणि बिरप्पा, घोंगड्याला नवी दोरी घ्यायला आले होते म्हणून, पायरीवर बसले होते.

"यंत्राला, दोऱ्यांना अथवा कापडाला हात लावू नये. काठीनेही नाही. कापड हीच छत्री समजावी. फाटले असल्यास शिवू नये."

बिरप्पांनी मान डोलावली. "नीट लिवलंय," ते म्हणाले. "आदीच लिवायचं."

केराबाईंनी मला शेवटची ओळ परत वाचायला लावली. मी वाचली. त्यांनी पदराच्या टोकाने तोंड पुसलं, त्या दिवशी रफू झाल्यावर पुसलं होतं तसंच, आणि चहा टाकायला आत गेल्या.

चार दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, त्या गच्चीवर गोधडी वाळत घालत होत्या. मी ओट्यावर होतो. गोधडी अर्धी दोरीवर, अर्धी हातात, अशा त्या थांबल्या आणि वर बघत राहिल्या. मी चष्मा पुसून वर पाहिलं. निळ्या आभाळात, खूप उंच, एक पांढरा ठिपका होता. किंवा चष्म्यावर काहीतरी होतं.

त्यांनी हात डोळ्यांवर धरला आणि गच्चीवर कोणीतरी उभं असावं अशा साध्या आवाजात वर विचारलं, "इंचाला आटच घातल्यात न्हवं?"

मग गोधडीचं दुसरं टोक दोरीवर टाकलं आणि कडा सरळ केल्या.